डिलिव्हरी झाली का?

"नमस्कार, चौकशी विभाग. कोणाचा नंबर हवा आहे?"

"मॅडम, धंतोलीतल्या यमुताई प्रसूतिगृहाचा नंबर द्या न जी."

आवाज पुरुषाचा होता, जरा घोगरा, रडकुंडीला आलेला. प्रेमिला मेश्रामने समोरच्या जाडजूड डिरेक्टरीला हातसुद्धा लावला नाही. हा नंबर तिला तोंडपाठ होता. तिने तो एकेक आकडा सुटा करून सांगितला, अगदी ट्रेनिंगमध्ये शिकवला होता तसा.

पलीकडून पेट्या आदळल्याचे आवाज आले.

"हॅलो? लिहून घेतलात का?"

"लिहाचं काय काम हाये जी," तो आवाज हळूच म्हणाला, "हा नंबर तं माहाच आहे. मी याच फोनवरून बोलून राहिलो ना!"

प्रेमिलाने कानावरचा हेडफोन नीट बसवला. "असं कसं होईल?"

"मी बी तेच म्हणतो. पण मी प्रसूतिगृह नाही मॅडम. मी रुपराव ट्रान्सपोर्ट आहे. संत्रा मार्केटमधून बोलतो."

एकोणऐंशी सालचा हिवाळा होता. बाहेर नागपूरची कोवळी उन्हं रस्त्यावर सांडलेली, आणि एक्स्चेंजच्या त्या लांबट खोलीत एकशे सत्त्याण्णव नंबरवर येणाऱ्या शहरभरच्या चौकश्या. एका रांगेत बसलेल्या मुली, प्रत्येकीसमोर छापील डिरेक्टरी, आणि डिरेक्टरीत जागोजागी चिकटवलेल्या दुरुस्तीच्या पट्ट्या... कारण पुस्तक छापून हाती येईतो निम्मं शहर घर बदलून मोकळं झालेलं असे. पुस्तकात नाव सापडलं नाही, तर मागच्या रेकॉर्ड सेक्शनच्या खिडकीत हाक मारायची. तिथे लाकडी कपाटांच्या खणांतून हजारो कार्डं उभी होती आणि त्यांची राखण करायला बळीरामजी नावाचे मितभाषी कारकून बसलेले असत.

प्रेमिलाने पुस्तक उघडलं. यमुताई प्रसूतिगृह... नंबरावर पट्टी! दवाखाना महाल भागातून धंतोलीत गेला तेव्हाच नंबर बदलला होता. पट्टी तिने स्वतःच्या हाताने चिकटवली होती आणि त्यानंतर पुस्तकाकडे न बघता जुनाच नंबर लोकांना वाटत बसली होती. तिचे कान तापले.

"माफ करा," दवाखान्याचा नवा नंबर सांगून ती म्हणाली. "चूक माझी आहे. तुमचा हा नंबर पूर्वी त्यांचा होता."

"तरीच!" तो म्हणाला. "फोन लागला त्या दिवशी आमी त्याले हार घातला, पेढे वाटले. पहिलीच घंटी वाजली. एक जण विचारते, डिलिव्हरी झाली का? मी म्हटलं, झाली ना जी, सकाळीच झाली. तो म्हणे, नॉर्मल? मी म्हटलं, चार-दोन फुटल्या, बाकी ठणठणीत."

"अरे देवा..."

"मंग त्यानं विचारलं, आई कशी आहे? मी म्हटलं, आई काटोलले मजेत आहे, तुमी काहून विचारून राहिले?"

ड्यूटीवर हसायला मनाई होती. प्रेमिलाने हेडफोनची वायर दातांत धरली, तरी नाकातून एक विचित्र आवाज निघालाच. शेजारच्या खुर्चीवरच्या शोभाताईंनी, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरने, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी हसून राहिले का?"

"नाही. लाइनमध्ये खरखर आहे."

"चांगली आहे खरखर," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

प्रेमिलाला वाटलं, प्रकरण मिटलं. दुसऱ्या दिवशी तोच आवाज पुन्हा आला.

"मॅडम, आज बी दोन झाल्या."

"काय दोन झाल्या?"

"डिलिव्हऱ्या."

तिने चहाच्या सुट्टीत सगळ्या जणींना धरलं. शोभाताईंनी जीभ चावली. "माझ्याही तोंडात तोच जुना नंबर बसलाय गं. इतकी वर्षं सांगितलाय, पुस्तक कोण बघतं?" बाकीच्यांचीही तीच गत होती. मग प्रेमिलाने मोठ्या अक्षरांत नवा नंबर लिहून भिंतीवर लावला आणि प्रत्येकीकडून तो म्हणवून घेतला. फोन कमी झाले. पण थांबले मात्र नाहीत.

त्या निमित्ताने तो रोज चौकशीला फोन करी. दुसऱ्या कुणी उचलला की "राँग नंबर" म्हणून ठेवून देई, पुन्हा लावी, शेवटी प्रेमिलाच्या खुर्चीवर पोचे.

"चार नंबर," शोभाताई हाक मारत, "तुझं प्रसूतिगृह आलं बघ."

नाव सांगायला बंदी होती, म्हणून तो तिला तिच्या खुर्चीच्या नंबरावरून 'चार नंबर मॅडम' म्हणे. त्याने मात्र स्वतःचं नाव सांगून टाकलं होतं... शेषराव गजभिये. हे नाव ऐकून प्रेमिलाने मनात एक पन्नाशीचा, धोतर नेसणारा, पान खाणारा गृहस्थ उभा केला आणि त्याच्याशी बोलायला मग तिला संकोच वाटेनासा झाला.

"शेषरावजी, लोकांना तुम्ही 'चुकीचा नंबर' म्हणून सरळ ठेवून का देत नाही?"

"कसा ठेवू जी? माणूस घाबरलेला असते. कोणाची बायको, कोणाची बहीण आत असते. मी त्याले म्हणतो, थांबा दोन मिनिटं. मी दवाखान्यात फोन लावतो, तिथल्या नर्सबाईले विचारतो आन् मंग याले सांगतो. कालच्याले पोरगी झाली. त्यानं मलेच विचारलं, नाव काय ठेवू?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, एक नाव आहे मनात, पण ते मलेच अजून समजलं नाही. चार नंबर मॅडम सांगतील तेव्हा कळवतो."

प्रेमिलाचा हात पुस्तकावरच राहिला. पन्नाशीचा धोतरवाला गृहस्थ जरा डळमळला...

शेषरावने मग भल्यासाठीच एक घोटाळा केला. एक्स्चेंजच्या साहेबांना त्याने आभाराचं पत्र धाडलं. 'आपल्या येथील चार नंबरच्या मॅडमनी मला माझाच नंबर प्रसूतिगृहाचा म्हणून दिला, तेव्हापासून रोज गोड शब्दांत विचारपूस करतात, फोन तरीही येतच आहेत, अशा मॅडम सर्व खात्याला लाभोत.'

चीफ सुपरवायझर मधुकरराव यांनी ते पत्र वाचलं आणि तक्रार म्हणून नोंदवून टाकलं. शिस्त हा त्यांचा श्वास होता. महिनाअखेरीपर्यंत हे चुकीचे फोन बंद झाले नाहीत, तर चार नंबरची बदली गोंदियाला, असा मेमो प्रेमिलाच्या हातात पडला.

गोंदिया! इंदोरा वस्तीतल्या दोन खोल्यांत तिची आई इंदूबाई एकटीच असे, गुडघ्यांनी पार हैराण झालेली. नळावरची बादलीसुद्धा तिला उचलवत नव्हती. पोरीची सरकारी नोकरी लागली तेव्हा तिने सगळ्या गल्लीला खीर खाऊ घातली होती. तिला एकटीला टाकून जायचं कसं?

दुसऱ्या दिवशी शेषरावचा फोन आला तेव्हा प्रेमिलाचं प्रमाण मराठी पहिल्यांदाच घसरलं.

"तुमाले कोणी सांगतलं होतं पत्र लिहाले? काहून लिहिलं? माही बदली करून राहिले ना!"

पलीकडून "मी येतो," एवढंच.

संध्याकाळी एक्स्चेंजच्या फाटकाशी एक तरुण उभा होता. पंचविशी नुकती ओलांडलेला, काळासावळा, गळ्यात मफलर, कान थंडीने की कशाने लाल झालेले. हातातल्या पिशवीतून संत्र्यांचा वास दरवळत होता. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईकडे तो बघे, तोंड उघडे आणि मिटे. शेवटी शोभाताईंनीच दया येऊन विचारलं, "कोण पाहिजे?"

"चा... चार..."

प्रेमिला जागीच थबकली. तो घोगरा आवाज! धोतरवाला गृहस्थ त्या क्षणी कायमचा निघून गेला.

"तुम्ही शेषराव?"

त्याने मान हलवली. पिशवी पुढे केली. फोनवर ज्याची जीभ एका जागी ठरत नव्हती, त्या माणसाला समोर उभं राहून एक शब्द फुटत नव्हता.

"मी प्रेमिला मेश्राम," ती म्हणाली. आता ड्यूटी संपली होती.

"जयभीम," तो कसाबसा म्हणाला, आणि मग बुटांकडे बघत, "नाव... नाव छान आहे."

"जयभीम. नावाचं राहू द्या. मला गोंदियाला जायचं नाही. फोन कुठून येतात ते शोधायचंय. मदत करणार का?"

त्याने इतक्या जोरात मान हलवली की मफलर सुटला. तो सावरायला दोघांचे हात एकदमच पुढे आले, आणि दोघांनी ते तितक्याच घाईने मागे घेतले. शोभाताई दुसरीकडे बघत मोठ्याने खोकल्या.

प्रेमिलाने डाव ठरवला. एक्स्चेंजमध्ये चूक नेमकी कुठे आहे ते कळायचं, तर बाहेरून कुणीतरी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून पाहायला हवं. मग शेषराव मार्केटमधल्या निरनिराळ्या दुकानांतून एकशे सत्त्याण्णव लावू लागला. कधी "यमुताई दवाखाना", कधी "मॅटर्निटी होम", कधी "जचकीचा दवाखाना, धंतोली". नंबर बरोबर आला की तो तिच्या खुर्चीवर येई.

"बरोबर आला जी. आता काय विचारू?"

"पेशंट लोक काय विचारतात, तेच विचारा."

"पेशंट लोक तं विचारतात, मॅडमचा आवाज इतका गोड काहून आहे?"

"हे पेशंट विचारत नाहीत."

"मी बी पेशंटच झालो आता..."

"शेषरावजी! महिना संपत आलाय."

"बरं बरं. विचारतो."

अशी चार दुकानं झाली, दहा झाली. प्रत्येक वेळी नवा, बरोबर नंबर. प्रेमिलाने रेकॉर्ड सेक्शनमधलं प्रसूतिगृहाचं कार्डही काढून पाहिलं. तेही बरोबर. मग लोकांना जुना नंबर देतंय तरी कोण?

शेषरावनेच मग शहाणपणा केला. चुकून फोन केलेल्या एका माणसाला त्याने दवाखान्याची बातमी सांगितली आणि विचारलं, "भाऊ, तुमी चौकशीले काय म्हणून विचारलं होतं?"

"सिंधूताई डॉक्टरीण," तो म्हणाला. "तिच्याचसाठी तं जातात सगळे."

प्रेमिलाने हे ऐकलं आणि ताडकन उठून खिडकीशी गेली. छापील पुस्तकात सिंधूताईंच्या नावाचा वेगळा नंबर नव्हता. म्हणून डॉक्टरीणबाईंचं नाव निघालं की मुली खिडकीत हाक मारत, आणि बळीरामजी आतल्या कार्डावरून नंबर वाचून दाखवत. डॉक्टरांच्या खणात सिंधूताईंचं वेगळं कार्ड होतं. त्यावर जुना नंबर!

एकाच दवाखान्याची दोन नावं, दोन कार्डं. एक बदललं, दुसरं तसंच राहिलं. प्रेमिलाने लाल शाईने नंबर खोडला, नवा लिहिला आणि त्या संध्याकाळी हलक्या पावलांनी घरी गेली. आईने विचारलं, "काय वं, आज गाणं गुणगुणून राहिली?" तर तिला ते कळलंही नव्हतं.

सकाळी शेषरावचा फोन आला. "मॅडम, जुळे झाले."

तिने धावत जाऊन खण उघडला. कार्ड करकरीत नवं होतं, आणि त्यावर सुवाच्य अक्षरात... जुना नंबर.

तिने पुन्हा दुरुस्त केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा जुना. आता तिला घामच फुटला. "बळीरामजी, हे कार्ड कोण बदलतं?"

"मी," बळीरामजी शांतपणे म्हणाले. "कोणती तरी पोरगी त्याच्यावर लाल शाईनं गिरबटून ठेवते. मी रोज सकाळी जुळवून नवीन करतो. हुकूम आहे."

"जुळवता? कशाशी जुळवता?"

तेवढ्यात साहेबांची घंटी खणखणली. चार नंबरला बोलावलं होतं.

मधुकरराव टेबलामागे ताठ बसले होते. समोर बदलीचा कागद, सही व्हायची बाकी. पण त्यांचं लक्ष आज ठिकाणावर नव्हतं. "बसा... नाही, उभ्या राहा. एक मिनिट. माझ्या मुलीला सकाळीच नेलंय दवाखान्यात. आधी तेवढं विचारतो."

ते खुर्चीतच मागे वळले. मागच्या भिंतीवर एक भली मोठी पाटी होती. दिल्लीहून कुणी बडे अधिकारी यायचे होते, तेव्हा रंगवून घेतलेली. 'अत्यावश्यक दूरध्वनी क्रमांक'. निळ्या ऑइलपेंटवर पांढरी अक्षरं. अग्निशमन, पोलीस, रेल्वे... आणि 'डॉ. सिंधूताई (प्रसूती)'. पाटी इतकी वर्षं तिथे होती की कुणी ती वाचतच नव्हतं. रोज सकाळी कार्डं तिच्याशी जुळवणाऱ्या बळीरामजींशिवाय.

प्रेमिलाने नंबर वाचला आणि तोंडावर पदर धरला.

साहेबांनी डायल फिरवला. रिसीव्हरमधून येणारा घोगरा आवाज खोलीभर ऐकू आला. "घाबरू नका जी. हा नंबर बदलला आहे. पण पेशंटचं नाव सांगा, मी विचारून लगेच कळवतो."

"तुम्ही कोण?"

"रुपराव ट्रान्सपोर्ट. रोजचंच काम आहे आमचं. तुमचा नंबर सांगा."

साहेबांनी मुकाट्याने नाव आणि नंबर सांगितला. मग ते दोघे, साहेब आणि चार नंबर, एकमेकांकडे न बघता टेलिफोनकडे बघत राहिले. साहेबांच्या कपाळावर घाम होता. पेपरवेट उचलून ते पुन्हा तिथेच ठेवत होते. एवढ्या शिस्तीच्या माणसाची ती घालमेल पाहून प्रेमिलाला वाईटच वाटलं.

घंटी वाजली.

"पोरगी झाली साहेब! दोघी बी मजेत आहेत. अभिनंदन! आता एक सांगा, हा नंबर तुमाले कोणी दिला? काय आहे, त्याच्यापायी आमच्या एका मॅडमची बदली होऊन राहिली. खूप चांगल्या मॅडम आहेत हो. त्या गेल्या तं... म्हणजे... नागपूरचं लय नुकसान होईन."

साहेबांचे डोळे भरून आले होते, त्यामुळे त्यांना पाटी जरा धूसरच दिसली. तरी दिसली. त्यांनी हळूच रिसीव्हर ठेवला.

"पाटी," प्रेमिला म्हणाली.

"हं," साहेब म्हणाले. बदलीच्या कागदाच्या त्यांनी दोन घड्या घातल्या, मग चार तुकडे केले. घंटी वाजवली. "बळीराम, स्टूल आण. पेंटरला बोलव. आणि आधी पेढे आण."

त्या दिवसापासून संत्रा मार्केटमधला तो फोन गप्प झाला. शेषरावचाही फोन येईना. तक्रारच उरली नव्हती, मग बोलणार कशाबद्दल?

एक आठवडा गेला, दुसरा गेला. फोन आल्याचा लाल दिवा लागला की प्रेमिलाचं काळीज उसळे... आणि कुणी तरी सराफाचा नंबर विचारी. शोभाताई आता हाक मारत नव्हत्या, नुसत्या उसासे टाकत. शेवटी एका सकाळी त्याच वैतागून म्हणाल्या, "उद्या तुझी सुट्टी आहे ना? मग जा की संत्रा मार्केटला. संत्री आण माझ्यासाठी."

संत्रा मार्केटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रक, पेंढा, लाकडी पेट्या, हमालांच्या आरोळ्या, आणि सगळ्यांवर पसरलेला तो आंबटगोड वास. रुपराव ट्रान्सपोर्टची पाटी तिला लगेच सापडली. आत टेबलावर फोन होता आणि फोनसमोर हनुवटी टेकून शेषराव बसला होता, जणू कुणाच्या वाटेकडे डोळे लावून.

तिला पाहताच तो इतका झटकन उठला की खुर्ची पडली.

"तुमी!"

"संत्री घ्यायला आले होते."

"हो... संत्री... किती?" तो पेट्यांकडे वळला, परत फिरला, पुन्हा वळला.

"फोन का केला नाही?" तिने विचारलं.

त्याने तोंड उघडलं. मिटलं. कान लाल झाले. हात हवेत काही शोधू लागले. प्रेमिला थांबली. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजून गेला, तरी हा उभाच! मग एकाएकी त्याने रिसीव्हर उचलला, तीन आकडे फिरवले आणि प्रेमिलाकडे बघत बोलू लागला. भडाभडा, अडखळल्याशिवाय.

"हॅलो? चार नंबर मॅडमले एक निरोप सांगा न जी. त्यांना म्हणा, फोन वाजणं बंद झालं तसं मले जेवण गोड लागून नाही राहिलं. म्हणा, त्यांच्याशी बोलल्याशिवाय दिवस उगवल्यासारखाच वाटत नाही. म्हणा, शेषरावले त्या लय आवडतात..."

पलीकडे शोभाताई होत्या. त्यांचा आवाज रिसीव्हरमधून स्वच्छ ऐकू आला. "अरे बाबा, तिची आज सुट्टी आहे!"

"माहीत आहे जी. माह्या समोरच उभी आहे."

"मग मला कशाला सांगतोस? तिला सांग की!"

मागे सगळ्या मुली खिदळल्याचा आवाज आला. बहुधा आख्खी रांग ऐकत होती.

प्रेमिला पुढे झाली. त्याच्या हातातून तिने रिसीव्हर काढून घेतला आणि अलगद जागेवर ठेवला. पण त्याचा हात सोडला नाही.

"आता बोला," ती म्हणाली.

"प्रेमिला..." तो म्हणाला, आणि अडला. डोळे मात्र तिच्यावरून हलत नव्हते. "मी... माह्याशी... तुमी..."

"हो म्हण वं पोरी!" पेट्यांच्या थप्पीमागून एक म्हातारा आवाज आला. शेषरावचे काका रुपरावजी तिथे बसून इतका वेळ पेंढा विसकटत होते. "याचं वाक्य पुरं होईस्तोवर माहा माल सडून जाईन!"

शेषरावने लाजेने डोळे मिटून घेतले. प्रेमिलाला हसू आवरेना. आता कुठली ड्यूटी नव्हती आणि कसली मनाई नव्हती. ती मनसोक्त हसली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पदराने डोळे पुसत, ट्रेनिंगमधलं सगळं मराठी विसरून तिने विचारलं,

"मंग, माह्या आईले भेटाले कधी येता?"